मॅक्स मार्टिन, सूत्रं आणि हिश्श्याचा कागद : वाचकांचे प्रश्न

स्वीडनचे गीतकार-संगीतकार आणि प्रोड्यूसर मॅक्स मार्टिन यांच्यावर मागे लिहिलं, तेव्हापासून तेच तेच गैरसमज पत्रांतून येत आहेत. संगीताच्या हक्कांचं काम करताना हेच समोर बसलेल्या नव्या मुलामुलींकडूनही ऐकते. म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे.

मॅक्स मार्टिन हे खरं नाव आहे का?

नाही. कार्ल मार्टिन सँडबर्ग, जन्म १९७१, स्टॉकहोम. नवं नाव त्यांचे गुरू डेनिस पॉप यांनी दिलं.

ते काहीही न शिकता एवढे मोठे झाले म्हणे. माझी मुलगी क्लास सोडून थेट गाणी करू म्हणते. सोडू द्यावा का?

ऐकीव माहितीवर मुलीचं शिक्षण ठरवू नका. मार्टिन यांनी शाळा अर्धवट सोडली हे खरं आहे. पण त्याआधी ते स्वीडनच्या सार्वजनिक संगीतशाळेत फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकले होते, आणि आपल्या यशाचं श्रेय ते त्या शिक्षणालाच देतात. नंतर ‘इट्स अलाइव्ह’ नावाच्या बँडमध्ये ते गात होते. तो बँड चालला नाही. मग डेनिस पॉप यांच्या चेरॉन स्टुडिओत ते हाताखाली राहिले. तिथे आले १९९३ च्या सुमारास, आणि ब्रिटनी स्पीअर्सचं पहिलं गाजलेलं गाणं आलं १९९८ मध्ये. ही मधली पाच वर्षं या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी कधी येत नाहीत. मुलीला गाणी करू द्या, क्लासही चालू ठेवा, आणि तिच्या शिक्षकांशी बोला.

गीतकार आणि प्रोड्यूसर यांत फरक काय?

गीतकार-संगीतकार शब्द आणि चाल करतात; प्रोड्यूसर ते गाणं ध्वनिमुद्रणात कसं ऐकू येईल ते घडवतो. मार्टिन दोन्ही करतात.

‘मॅक्स मार्टिनचं हिट गाण्याचं सूत्र’ शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाहिली. फी बरीच आहे. घ्यावा का?

भरू नका. ‘मेलडिक मॅथ’, म्हणजे चालीचं गणित, हा मार्टिन यांच्या पद्धतीचा शब्द या जाहिरातवाल्यांनी मंत्रासारखा करून टाकला आहे. प्रत्यक्षात ती साधी शिस्त आहे: चाल आधी, शब्द तिच्या मापाचे. एका ओळीत जितकी अक्षरं, तितकीच तिच्या जोडीच्या ओळीत, आणि शब्द कितीही आवडता असला तरी चालीत बसत नसेल तर तो जातो. बॅकस्ट्रीट बॉइजच्या १९९९ मधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचे शब्द नीट अर्थ लावायला गेलं तर जुळत नाहीत. अर्थ लागेल अशी दुसरी आवृत्तीही तयार झाली होती; गटाने जुनीच ठेवली. हा कानाचा निर्णय आहे, तो कुठल्या तक्त्यात मिळत नाही. आणि ब्रिटनीचं ते पहिलं गाणं आधी टीएलसी या गटाला दिलं होतं, त्यांनी नाकारलं. सूत्र असतं, तर अनुभवी गायिकांना ते पहिल्या ऐकण्यातच कळलं असतं. शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर प्रसिद्ध झालेली किती गाणी आहेत, ते लेखी विचारा. त्यापेक्षा तुमची तीन गाणी एखाद्या जाणत्या संगीत-संयोजकाला ऐकवा.

सात-आठ सुरांपर्यंत दुसऱ्याची चाल घेतली तर कायद्यात बसतं ना?

नाही. असा आकडा कायद्यात नाही. केटी पेरीच्या ‘डार्क हॉर्स’ गाण्यावर खटला झाला, त्याचे सहलेखक मार्टिनही होते. वाद आठ सुरांच्या एका आवर्तनाचाच होता. खटला २०१४ मध्ये दाखल झाला. २०१९ मध्ये ज्युरीने सुमारे २७.८ लाख डॉलरची भरपाई ठरवली, २०२० मध्ये न्यायाधीशांनी ती रद्द केली, २०२२ मध्ये अपिलात तो निर्णय कायम झाला. जिंकले, पण आठ वर्षं गेली. शंका असेल तर गाणं बाहेर येण्याआधी संगीत जाणणाऱ्याला आणि कॉपीराइटच्या वकिलाला, दोघांनाही दाखवा.

मित्राच्या घरी बसून गाणं केलं. चाल माझी, बीट त्याचं, दोन ओळी तिसऱ्याच्या. हिस्सा गाणं चाललं तर ठरवू, असं मित्र म्हणतो. बरोबर आहे ना?

अजिबात नाही, आणि हे मला सविस्तर सांगायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्या भांडणांपैकी बहुतेकांची सुरुवात ‘नंतर ठरवू’ या दोन शब्दांनी झालेली असते.

गाणं चाललं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो. कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकाच्या आठवणीत ती रात्र वेगळी असते. म्हणून ज्या दिवशी गाणं झालं, त्याच दिवशी कागद करा. पॉपच्या धंद्यात त्याला ‘स्प्लिट शीट’ म्हणतात: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव, टक्के, सह्या. बेरीज शंभर. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शब्द-चाल ही एक मालमत्ता, ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर ही दुसरी. जगभर ओळख पटावी म्हणून पहिलीला आयएसडब्ल्यूसी नावाचा क्रमांक मिळतो, दुसरीला आयएसआरसी. बीट करणारा मित्र पहिल्यात आहे की फक्त दुसऱ्यात, हे आजच विचारा. कागद नसेल तर अमेरिकेत सहलेखकांचा वाटा सर्वसाधारणपणे समान धरला जातो, म्हणजे दोन ओळींवालाही तुमच्याइतकाच मालक. इतर देशांत नियम वेगळे आहेत.

मार्टिन यांच्या मोठ्या गाण्यांवर नावं पाहा. गायक द वीकेंडच्या ‘ब्लाइंडिंग लाइट्स’वर लेखक म्हणून पाच नावं आहेत. जगात इतका मान असलेल्या माणसाला नावं वाटून घेण्यात कमीपणा वाटत नाही. उशीर काय करतो तेही दुसऱ्यांच्या गाण्यात पाहा: मार्क रॉन्सन आणि ब्रूनो मार्स यांचं ‘अपटाउन फंक’ बाहेर आल्यावर काही महिन्यांनी, २०१५ मध्ये, जुन्या गाण्याशी असलेल्या साम्यावरून आणखी पाच नावं जोडली गेली आणि १७ टक्के हिस्सा त्यांना द्यावा लागला.

मित्राला दुखवायचं नाही, हे समजतं. पण मैत्री टिकवायची असेल तर आत्ता विचारणंच सोपं आहे; गाणं चालल्यावर हाच प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. तिघे बसा, लिहा, मग सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

कंपनीने करार पाठवलाय, उद्यापर्यंत सही हवी म्हणतात.

उद्या सही करू नका. दोन आठवडे लेखी मागा. ‘सर्व हक्क, कायमचे’ अशी ओळ आहे का ते वकिलाकडून पाहून घ्या, आणि तोपर्यंत गाण्याचे सुटे ट्रॅक कुणाला पाठवू नका.