समुद्राखालचं कुरण आणि वरून पडणारा नांगर

गेल्या अंकात भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया नावाच्या गवतावर एक छोटीशी चौकट छापली होती, फोटो धरून दहा ओळी असतील नसतील, आणि त्यावर इतके प्रश्न आले की आमच्या मोठमोठ्या लेखांनाही कधी येत नाहीत. सगळे घेणं शक्य नाहीये. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि जे सरळ भांडायलाच आलेत ते मुद्दाम ठेवलेत कारण त्यांना उत्तर द्यायला जास्त मजा येते.

प्रश्न: ताई, तुम्ही त्या गवताचं एवढं कौतुक केलंत, पण आम्ही स्पेनच्या मायोर्का बेटावर गेलो तेव्हा बीचवर गुडघाभर काळपट पाचोळा साचला होता, वास तर विचारूच नका, मुलं पाण्यात जायला तयार होईनात. हॉटेलवाला म्हणाला शेवाळ आहे. एवढे पैसे घेतात तर साफ करायला काय होतं यांना?

उत्तर: वास येतो हे मान्य, ओल्या ढिगात हवा शिरत नाही आणि आतून कुजायला लागतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण हॉटेलवाल्याचं चुकलं. ते शेवाळ नाहीच. पोसिडोनिया ही चांगली मुळं, खोड, पानं, फुलं, फळं असलेली वनस्पती आहे, जमिनीवरच्या वनस्पतींच्या खानदानातली, फार पूर्वी तिचे पूर्वज परत समुद्रात गेले आणि तिथेच रमले. ही जात जगात फक्त भूमध्य समुद्रात सापडते. पानं रिबिनीसारखी, बोटभर रुंद आणि एक मीटरपर्यंत लांब, आणि शरद ऋतूत झाडांची गळतात तशी तीही गळतात, मग वादळं ती उचलून किनाऱ्यावर आणून टाकतात.

आता साफ का करत नाहीत. तो ढीग म्हणजे किनाऱ्याची गादी आहे. हिवाळ्यातल्या लाटा येऊन त्याच्यावर आपटतात, त्यांचा जोर तिथेच जिरतो आणि खालची वाळू जागेवर राहते. मशीन लावून ढीग उचलला की पानांच्या थरांत अडकलेली वाळूही ट्रकमधून जाते, आणि मग चार वर्षांनी तेच लोक विचारतात की बीच बारीक का झाला! त्यातून गंमत अशी की तिथल्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूसाठी लोक विमानाने जातात तिचा बराचसा भाग म्हणजे त्याच कुरणात राहणाऱ्या बारीक जिवांच्या शिंपल्यांचा नि कवचांचा चुरा असतो. बऱ्याच ठिकाणी आता असं करतात की हिवाळाभर ढिगाला हात लावत नाहीत, सीझनच्या तोंडावर जमेल तेवढं बाजूला करतात. तुम्ही बहुतेक त्याच्या आधीच पोचलात.

आणि हा पाचोळा पूर्वी कुणी फेकत नव्हतं बरं का. मायोर्काजवळच्या इबिझा आणि फोर्मेंतेरा बेटांवरच्या जुन्या घरांच्या छतात तो थर देऊन घालायचे, उन्हाळ्यात घर गार राहायचं, शिवाय काचेची भांडी पॅक करायला वापरायचे, गुरांखाली अंथरायचे. फोर्मेंतेरावर हल्ली हल्ली बांधलेल्या १४ सरकारी घरांच्या छतात परत हाच वाळवलेला पाचोळा भरलाय. म्हणजे आजी बरोबर होती, फक्त इंजिनिअरला कळायला थोडा वेळ लागला.

प्रश्न: त्याच बीचवर तपकिरी केसाळ गोळे सापडतात, हातात घेतलं तर लोकरीच्या बॉलसारखे. माझ्या मुलीने सात-आठ गोळा केलेत. हे काय आहे?

उत्तर: तेच गवत. पान गळतं तेव्हा त्याचा बुडखा खोडालाच राहतो, तो झिजून त्याचे धागे धागे होतात आणि लाटा ते तळावर पुढे-मागे लोळवत राहतात, की झाला गोळा. मुलीला सांगा एक गोळा हळूच पिंजून बघ. बार्सिलोना विद्यापीठाच्या लोकांनी मायोर्काच्या किनाऱ्यावरचे असे गोळे पिंजले आणि २०२१ मध्ये छापलं की त्यातल्या साधारण १७ टक्के गोळ्यांत प्लास्टिक निघालं, काहींमध्ये तर किलोमागे जवळजवळ दीड हजार तुकडे. म्हणजे कुरण पाण्यातलं प्लास्टिक अडकवतं, धाग्यात गुंडाळतं आणि वादळ आलं की आपल्या पायाशी आणून टाकतं. घ्या तुमचं तुम्हाला. पण यावर खूष होऊन हे गवत समुद्र साफ करतं म्हणून हेडलाईन करणारे होते ना, त्यांचं मला काही पटलं नाही. कचरा आपण टाकायचा आणि शाबासकी गवताला द्यायची, हा कुठला न्याय?

प्रश्न: चौकटीत लिहिलंय की हे गवत एक लाख वर्षं जुनं असू शकतं. ही सरळ फेकाफेकी आहे. एखादं गवत एक लाख वर्षं जगतं?

उत्तर: रागावू नका दादा, शंका रास्त आहे. एक पान लाख वर्षं जगत नाही, एक पान वर्षभर कसंबसं टिकतं. पण याचं खोड आल्यासारखं आडवं सरकत जातं, नवे कोंब फुटतात, मागचं मरतं, पुढचं चालत राहतं आणि सगळ्यांचा डीएनए एकच असतो. फोर्मेंतेराच्या आसपास शास्त्रज्ञांनी लांब लांबच्या जागांवरून कोंब घेऊन तपासले तर ते जुळ्या भावंडांसारखे हुबेहूब निघाले, काही ठिकाणी तर १५ किलोमीटर अंतरावरचे. आता हे खोड वर्षाला सरकतं फक्त काही सेंटिमीटर. मग एवढ्या लांब पोचायला किती काळ लागला असेल असा उलटा हिशोब मांडला की आकडा हजारो वर्षांच्या पुढे जातो, २०१२ च्या अभ्यासात तर वरचं टोक लाखाच्याही पुढे गेलं. पण हे गणित आहे, जन्मदाखला नाही. मधल्या काळात समुद्राची पातळी खाली-वर झाली, तुकडे तुटून वाहत जाऊन दुसरीकडे रुजले असतील, त्यामुळे लाखाचा आकडा 'असू शकतो' असाच वाचा. चौकटीतही तसंच लिहिलं होतं हो, तुम्ही तेवढा शब्द गाळलात.

(ऑस्ट्रेलियात याच गवताच्या चुलत बहिणीचं एकच झाड १८० किलोमीटर पसरलेलं सापडलंय, २०२२ ची बातमी. वय साधारण साडेचार हजार वर्षं. पण तो विषय वेगळा, तिकडे वळले तर अंक संपेल.)

प्रश्न: आम्ही मित्रांनी मिळून इबिझाजवळ बोट भाड्याने घेतली होती. मस्त जागा सापडली तर कॅप्टन म्हणे इथे नांगर टाकता येत नाही, खाली गवत आहे. मोबाईलवर नकाशा बघत अर्धा तास नुसता फिरवत होता. एका नांगराने असं काय आभाळ कोसळणार होतं?

उत्तर: हा प्रश्न आला म्हणून खरं तर हे सदर लिहायला घेतलं.

मराठीत आपण बोटीच्या लोखंडी आकड्यालाही नांगर म्हणतो आणि शेतातल्यालाही नांगरच, आणि इथे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. बघा कसं होतं. नांगर खाली जातो, फाळ गवतात रुततो, बोट वाऱ्याने मागे सरकते तसा तो ओढला जातो आणि कोंब मुळासकट उपटत जातो. ते एकवेळ थोडं. खरा घोळ साखळीचा. बोट रात्रभर वाऱ्याबरोबर गोल फिरते आणि तळावर पडलेली साखळी तिच्याबरोबर झाडूसारखी फिरते, सकाळी खाली टकला गोल तयार. मग नांगर वर काढताना अजून एक ढेकूळ निघून येतं, तुम्ही नीट बघितलंत तर वर येणाऱ्या नांगराला हिरव्या रिबिनी नि तपकिरी खोडं लोंबत असतात.

शेत नांगरलं तर पुढच्या पावसात उगवतं. इथे खोड वर्षाला दोन-चार सेंटिमीटर सरकतं, म्हणजे मीटरभर रुंदीचा खड्डा दोन्ही बाजूंनी भरत आला आणि मध्ये काहीच विघ्न आलं नाही तरी पंधरा-वीस वर्षं. आणि विघ्न येतंच. उघड्या पडलेल्या कडा प्रवाह कोरत जातो, खड्डा भरायच्या ऐवजी मोठा होतो. तुमची बोट एक होती हो, पण त्या खाडीत ऑगस्टमध्ये रोज किती बोटी उभ्या असतात ते तुम्हीच बघितलंय.

तुमच्या कॅप्टनने कायदाच पाळला. मायोर्का, इबिझा, फोर्मेंतेरा ज्यात येतात त्या बॅलेरिक बेटांच्या सरकारने जुलै २०१८ मध्ये पोसिडोनियासाठी खास आदेश काढला, कुरणावर नांगर टाकायला बंदी, वाळूवर टाका. देखरेखीच्या बोटी फिरतात, खाली काय आहे ते सांगतात, नकाशे मोबाईलवर मिळतात. फ्रान्सने २०१९ पासून २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींसाठी नियम कडक केले, कारण जेवढी मोठी यॉट तेवढी जड साखळी. नकाशा नसला तरी साधी खूण सांगते, वरून पाणी फिकट निळं-हिरवं दिसतं तिथे वाळू, आणि गडद डाग दिसतो तिथे बहुतेक कुरण. लोकांना तो गडद डाग घाण वाटतो. तिथेच तर सगळी वस्ती असते, माशांची पिल्लं, समुद्रघोडे, आणि पानं कुरतडणारे साल्पा मासे.

प्रश्न: कार्बन शोषण्यात हे गवत ॲमेझॉनच्या जंगलापेक्षा भारी आहे हे खरं का?

उत्तर: अशा तुलना मला आवडत नाहीत, कुस्तीचा फड आहे का हा? पोसिडोनियाचं वेगळेपण शोषण्यात कमी आणि साठवण्यात जास्त आहे. मेलेली खोडं, मुळं आणि त्यात अडकलेला गाळ यांचा घट्ट थर बनतो, त्याला 'मॅट' म्हणतात, हा कित्येक ठिकाणी काही मीटर जाड असतो आणि आत ऑक्सिजन जवळजवळ नसल्यामुळे कुजत नाही, हजारो वर्षं तसाच राहतो. जुनी ट्रंक समजा. पण वरचं गवत गेलं की ट्रंकेचं झाकण उघडलं, थर झिजायला लागतो आणि साठवलेला कार्बन परत पाण्यात, तिथून हवेत. म्हणून नवीन किती शोषेल यापेक्षा जुनं उघडं पडू नये ही काळजी मोठी.

प्रश्न: एवढं रडण्यापेक्षा परत लावून टाका ना. झाडं लावतो तसं. तंत्रज्ञान कशासाठी आहे?

उत्तर: लावतात की. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाला धडकलं, नंतर ते काढण्याच्या कामात कुरणाचं नुकसान झालं आणि तिथे पाणबुड्यांनी कोंब परत लावले. मायोर्काच्या पोयेन्सा उपसागरात दोन हेक्टरवर लागवड केली. वादळाने सुटून आलेले कोंब गोळा करायचे, हाताने एकेक तळाशी अडकवायचे, तेही हवेची टाकी पाठीवर घेऊन. चांगलं काम आहे, मला त्याची चेष्टा करायची नाहीये. पण आता हा आकडा बघा, भूमध्य समुद्रात या कुरणाचं माहीत असलेलं क्षेत्र साधारण १२ लाख हेक्टर आहे आणि २०१५ च्या एका अंदाजानुसार ५० वर्षांत ३४ टक्के कुरण खराब झालं किंवा गेलं. दोन हेक्टर त्याच्यापुढे ठेवा. शिवाय 'नंतर लावून देऊ' म्हटलं की बंदर बांधणाऱ्याला परवानगी मागायला आयतं निमित्त मिळतं, माझी खरी भीती ती आहे.

त्यापेक्षा आहे ते तुटू न देणं स्वस्त पडतं. हे कुरण १९९२ च्या हॅबिटॅट्स डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे युरोपच्या निसर्ग-संरक्षणाच्या कायद्यात, प्राधान्याचा अधिवास आहे आणि याच्यावरून ट्रॉलरची जाळी ओढायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, पण रात्री ओढणारे ओढतातच. इटलीत तालामोने गावच्या पाओलो फांचुल्ली नावाच्या कोळ्याने यावर भन्नाट उपाय काढला, इटलीतल्याच कर्रारा गावच्या संगमरवराचे दगड मिळवले, शिल्पकारांकडून त्यांच्या मूर्ती करून घेतल्या आणि समुद्रात सोडल्या. ट्रॉलरचं जाळं त्यात अडकलं की फाटतं. वर नोटिसा लावून जे जमलं नाही ते दगडाने केलं.

प्रश्न: 'किलर शेवाळ' सगळं कुरण खाऊन टाकणार असं शाळेत असताना वाचलं होतं. त्याचं काय झालं?

उत्तर: कॉलेर्पा टॅक्सिफोलिया. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली जेमतेम एक चौरस मीटरचा ठिपका दिसला, मग तो पसरत पसरत दुसऱ्या देशांत पोचला, प्रचंड आरडाओरडा झाला आणि मग बऱ्याच ठिकाणी ते आपलं आपणच ओसरलं. आज जास्त त्रास कंटाळवाण्या गोष्टींचा आहे, सांडपाणी, गाळ, बंदरं, आणि तापणारं पाणी. पाणी २८ अंशांच्या वर गेलं की कोंब मरायचं प्रमाण वाढतं, आणि हल्ली उन्हाळ्यात तेवढं सहज जातं. त्याला कसला नकाशा नि कसली बोट अडवणार.

प्रश्न: याला फुलं येतात म्हणालात, मग दिसत का नाहीत? मी तीन वेळा स्नॉर्केलिंग केलंय तिथे.

उत्तर: तुम्ही उन्हाळ्यात गेला असणार. फुलं शरद ऋतूत येतात, हिरवट, पानांत लपलेली, आणि दर वर्षी येतीलच असंही नाही. फळ मात्र दिसू शकतं. वसंत संपता संपता किनाऱ्याला हिरवे ऑलिव्हसारखे दाणे लागतात, इटलीत त्यांना समुद्राचे ऑलिव्हच म्हणतात. फळ आधी तरंगतं, मग साल फुटते आणि आतलं बी बुडतं. तुम्हाला न फुटलेलं फळ सापडलं तर खाऊ नका, पाण्यात लांब फेका.