डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवताना

जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोऐवजी जास्त अँपिअरचा, म्हणजे जास्त करंट देणारा अल्टरनेटर घेताय, छान. पण आधी वायर बघा. मूळ वायर २०-२५ अँपिअरच्या डायनामोसाठी होती. तिच्यातून ६० अँपिअर गेले की इन्सुलेशन वितळतं, आगसुद्धा लागू शकते. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाका, फ्यूजसकट. डॅशबोर्डवर जुना अँपिअर मीटर असेल तर चार्जिंगचा करंट त्यातूनच जातो, म्हणून त्याजागी व्होल्टमीटर लावलेला बरा. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) असेल तर आधी निगेटिव्ह करून घ्या, नाहीतर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लगेच उडतील. आणि चार्जिंगचा लाल दिवा काढू नका हं! बऱ्याच अल्टरनेटरना वीज बनवायला लागणारा सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसले की जमलं.