पगारातले 42 हजार वाचवू की 30 हजार?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 26, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी, हातात पगार 58 हजार. त्यातले 42 हजार तुम्ही गुंतवता, 6 हजार घरी देता आणि 10 हजारांत महिना काढता. पस्तिशीपर्यंत एक कोटी जमवायचे, हे ठरवून तीन वर्षं तुम्ही असेच जगताय. आता आई कन्याकुमारीला जाऊ म्हणतेय, मित्र बुलेट घे म्हणताहेत आणि तुम्ही विचारताय, "बचत 30 हजारांवर आणली तर पस्तिशीत पस्तावेन का?"

उत्तर आधी सांगते. 30 हजारांवर आणा. पण उरलेल्या 12 हजारांचं काय करायचं यावर माझ्या काही अटी आहेत, आणि गुंतवणुकीची सध्याची मांडणी मला पटलेली नाही. कारणं सविस्तर देते, म्हणजे तुम्हाला स्वतः तपासून पाहता येईल.

बचत कमी केल्याने काहीच बिघडत नाही, असं मी म्हणणार नाही. वर्षाला 10 टक्के परतावा धरू आणि पगारवाढीबरोबर हप्ताही दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवला असं मानू. 42 हजारांपासून सुरुवात केली तर 9 वर्षांनी साधारण 1 कोटी 4 लाख होतात. 30 हजारांपासून केली तर 75 लाखांच्या जवळपास. तीस लाखांचा फरक दिसतो आणि छातीत धस्स होतं, साहजिक आहे. आता तेच गणित उलट्या बाजूने बघा. 30 हजारांचा हप्ता असाच वाढवत नेला तर दहा वर्षांनी 91 लाख होतात आणि साडेदहा वर्षांच्या आत कोटी ओलांडला जातो. म्हणजे तुमचा कोटी दीड-पावणेदोन वर्षं उशिरा येतो. तुमचे आतापर्यंत जमलेले साडेनऊ लाख मी यात धरलेले नाहीत, ते दोन्हीकडे सारखेच आहेत. सव्विशी ते पस्तिशी मोकळेपणाने जगण्याची एवढी किंमत तुम्हाला जड वाटते का, हा खरा प्रश्न आहे. मला ती जड वाटत नाही.

आणखी एक आकडा. हप्ता न वाढवता 42 हजारच नऊ वर्षं भरत राहिलात, तर 74 लाखांच्या आसपास जमतील. म्हणजे दरवर्षी वाढणारे 30 हजार आणि जागच्या जागी राहिलेले 42 हजार जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांत हप्ता वाढलेला नाही. ओढून ताणून बांधलेला हप्ता पुढे वाढत नाही आणि बरेचदा मध्येच बंद पडतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींत हे मी वारंवार पाहते.

पत्रातल्या दोन ओळींवर मी थांबले. पहिली, "गेल्या मे महिन्यात खोलीतल्या कूलरच्या ताट्या बदलल्या नाहीत, म्हटलं एक उन्हाळा निघून जाईल." नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर गेलेला असताना, काही शे रुपयांच्या ताट्यांसाठी तुम्ही रात्र रात्र जागलात आणि सकाळी तसेच वर्धा रोडने कामावर गेलात. त्या वाचलेल्या पैशांनी तुमच्या कोटीत दिसण्याजोगी भर पडली नाही. झोपेवर आणि कामावर मात्र परिणाम झाला असणार, आणि तुमच्या वयात सगळ्यात मोठी मिळकत त्या कामातूनच यायची आहे. पुढची पगारवाढ, पुढची नोकरी, एखादं नवीन शिकलेलं कौशल्य यातून जे मिळेल, त्यापुढे ताट्यांची बचत कुठेच लागत नाही. ताट्या बदला. हा सल्ला आर्थिकच आहे.

दुसरी ओळ मामांबद्दलची. त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या बिलापायी शेत विकावं लागलं, तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात, आणि तेव्हापासून "आपल्यावर ही वेळ यायला नको" हे मनात घट्ट बसलंय. ही भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या भीतीवर तुम्ही जो उपाय केलाय, तो वेळेला उपयोगी पडेल का, ते बघू.

दर महिन्याला 12,500 पीपीएफमध्ये, 10 हजार ईएलएसएसमध्ये, म्हणजे कर वाचवणाऱ्या शेअर फंडात, 19,500 एका स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर फंडात, आणि बचत खात्यात 18 हजार. उद्या घरात कुणाला दवाखान्यात भरती करावं लागलं तर काय होईल? पीपीएफ पंधरा वर्षांचं. तिसऱ्या वर्षापासून त्यावर थोडं कर्ज मिळतं, पण पैसे काढायला सातवं वर्ष उजाडावं लागतं. ईएलएसएसच्या प्रत्येक हप्त्याला त्याच्या तारखेपासून तीन वर्षांचं कुलूप. राहता राहिला स्मॉल कॅप. तो विकता येतो, पण जानेवारी 2018 ते मार्च 2020 या काळात स्मॉल कॅप निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला होता. नेमक्या अशाच वेळी विकायची पाळी आली तर चार लाखांचे दोन लाखही हाती येणार नाहीत. साडेनऊ लाख जमवूनही, मामांसारखी वेळ आली तर तुमच्या हातात आज 18 हजार आहेत. तुम्ही कमी वाचवताय असं अजिबात नाही. ज्या संकटाची भीती वाटते, त्यासाठीच काही ठेवलेलं नाही.

म्हणून माझी पहिली अट आईवडिलांच्या आरोग्यविम्याची आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांची नावं आहेत म्हणून तुम्ही निश्चिंत आहात, पण ती पॉलिसी तुमच्या नोकरीला बांधलेली आहे. नोकरी सुटली की संरक्षण गेलं. वडील पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होताहेत, आईच्या गुडघ्यांवर दोन-तीन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय, वडिलांना बीपीची गोळी सुरू आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लावू शकते. तो काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो, म्हणून हे काम या महिन्यातच व्हायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेलाय. दोघांसाठी मिळून वर्षाला 40 हजारांच्या आसपास धरून चला. वय, आजार आणि विम्याची रक्कम यांनुसार हा आकडा हलेल.

दुसरी अट, दीड लाख रुपये असे ठेवा की ते दोन दिवसांत हातात यायला हवेत. लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) किंवा बँकेच्या स्वीप-इन, म्हणजे बचत खात्याला जोडलेल्या मुदत ठेवीत. त्यासाठी पगारातून वर्षभर थांबायची गरज नाही. स्मॉल कॅप फंडातली एक वर्ष उलटलेली युनिट्स विकून एक लाख काढा. शेअर फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर लागत नाही, तुमचा नफा त्याच्या बराच आत असेल. बचत खात्यातले 18 हजार धरून उरलेली रक्कम तीन-चार महिन्यांत पगारातून भरून निघेल.

ईएलएसएसचा हप्ता बंद करा. नवीन करप्रणालीत अशा गुंतवणुकीवरची 80 सीची वजावट मिळत नाही, आणि 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर भरावा लागत नाही. तुमचा पगार त्याच्या खूप आत आहे. कर वाचत नसताना तीन वर्षांचं कुलूप कशासाठी? पीपीएफचं व्याज करमुक्त असतं, ते खातं चांगलं आहे, पण तुमच्या वयात वर्षाला दीड लाख तिथे कोंडायची गरज नाही. शिवाय पगारातून पीएफ कापला जातोच, तोही सुरक्षित कप्प्यातला पैसा आहे आणि तुम्ही तो बचतीत मोजलेलाच नाही. तर 30 हजारांतले 5 हजार पीपीएफला, 15 हजार निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडाला (देशातल्या 50 मोठ्या कंपन्यांत निर्देशांकाप्रमाणेच पैसे लावणारा फंड) आणि 10 हजार आधी त्या दीड लाखांसाठी, ते भरले की तेही इंडेक्स फंडाला. स्मॉल कॅपमधले राहिलेले पैसे तसेच राहू द्या, नवीन हप्ता नको.

आता मोकळे झालेले 12 हजार, म्हणजे वर्षाचे 1 लाख 44 हजार. विम्याचे 40 हजार यातूनच जातील. 18 हजार तबल्याच्या क्लासला. हे तुम्ही मागितलेलं नाही, पण मध्यमा परीक्षा पूर्ण करून विशारदची परीक्षा तोंडावर आलेली असताना महिन्याचे दीड हजार वाचवायला तुम्ही महाल भागातला क्लास सोडलात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. आठ वर्षांची मेहनत आहे ती. हात तयार आहे तोवर परत जा. पस्तिशीत कोटी हाताशी असला तरी मधल्या नऊ वर्षांचा रियाज विकत मिळत नाही.

60 हजार प्रवासाला ठेवा आणि यंदा पहिला मान आईला द्या. तुमच्या 42 हजारांच्या बचतीत आईवडिलांचाही वाटा आहे. मानेवाड्याचं घर त्यांचं, दोन वेळचं जेवण आणि डबा आईच्या हातचा. हीच नोकरी पुण्यात करत असता तर भाडं आणि मेस यातच पगाराचा मोठा हिस्सा गेला असता. वडिलांना जुनी पेन्शन आहे, कारण ते 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागले. त्यामुळे त्यांना तुमच्याकडून महिन्याच्या पैशांची निकड नाही. त्यांना तुमचा वेळ हवाय. शस्त्रक्रियेनंतरही फिरता येईल, पण मधले महिने आणि बरं होण्याचा काळ धरला तर ही संधी लवकर परत येणार नाही. नागपूरहून हिमसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा थेट कन्याकुमारीला जाते, गाडी बदलायचा त्रास नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. वडिलांच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागेल तेव्हाचा बेत करा आणि आईसाठी खालचा बर्थ घ्या. तिघांचं एसी थ्री टियर, राहणं-खाणं धरून 60 हजारांत नीट बसेल.

उरलेले 26 हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर, तुमचे. शनिवारी मित्रांबरोबर फुटाळा तलावावर जा, सकाळी तर्री पोहे खा, पेंचच्या जंगलात एखादी फेरी करा. या पैशांचा हिशेब ठेवू नका. तुम्ही वहीत दहा रुपयांचा चहाही लिहिता. बाकीची वही चालू द्या, एवढा रकाना मोकळा सोडा.

बुलेटला मात्र आत्ता नाही म्हणेन. दोन लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर साडेसहा हजारांच्या आसपास हप्ता बसतो. तबला, प्रवास, शनिवारचं जेवण हे खर्च नोकरी गेली तर त्याच महिन्यात थांबवता येतात, कर्जाचा हप्ता थांबवता येत नाही. गाडी आवडते तर दोन वर्षांनी, दीड लाख जागेवर असताना, निम्म्याहून अधिक रक्कम रोख देऊन घ्या. मोबाइलच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांनाही हेच लागू.

30 हजारांवर आलात तरी पगारातला निम्म्याहून अधिक हिस्सा वाचतोच आहे. पुढचं सगळं दरवर्षीच्या 10 टक्के वाढीवर उभं आहे, तेव्हा एसआयपी (फंडातला मासिक हप्ता) सुरू करतानाच अर्जात वार्षिक टॉप-अपचा पर्याय निवडा, म्हणजे दरवर्षी हप्ता आपोआप वाढेल. एखाद्या वर्षी पगार वाढला नाही तर तेवढ्या वर्षापुरती ही वाढ थांबवा. लग्न, घर, नोकरीचं गाव यापैकी काही बदललं की हे आकडे पुन्हा मांडावे लागतील, तेव्हा परत लिहा.

आणि विम्याचा अर्ज भरताना वडिलांची बीपीची गोळी आणि आईच्या गुडघ्यांचे रिपोर्ट, दोन्ही स्पष्ट लिहा. एजंट म्हणेल राहू द्या, हप्ता वाढेल. वाढू द्या. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला, तर मामांच्या वेळी जे झालं तेच पुन्हा होईल.