हाका नाचाच्या पलीकडे

प्रश्न : मी सोलापुरात नववीला इतिहास शिकवते. शनिवारच्या वाचनतासाला न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा विषय घ्यायचाय. मुलांना रग्बीआधीचा हाका नाच तेवढा ठाऊक. वसाहतवाद, वर्णभेद म्हटलं की जांभया सुरू! सुरुवात कुठून करू, आणि साहित्य कुठे मिळेल?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, ते जड शब्द फळ्यावर लिहूच नका. जमिनीपासून सुरू करा. सातबारा आपल्या पोरांना लवकर कळतो.

6 फेब्रुवारी 1840 ला वायटांगीत ब्रिटिश राणीच्या वतीने हॉब्सनने माओरी सरदारांशी करार केला. जमिनी, जंगलं, मासेमारी तुमचीच राहील, असा शब्द दिला. पण 1863 मध्ये कायदा करून सरकारशी लढणाऱ्या माओरींच्या, म्हणजे ‘बंडखोरां’च्या जमिनी जप्त. पुढे 1865 च्या जमीन न्यायालयाने सगळ्या कुळाची सामाईक जमीन जास्तीत जास्त दहा नावांवर चढवायला सुरुवात केली. बाकीच्यांचा हक्क कागदावरून गळाला. भाऊबंदकीचे दावे घरात बघितलेल्या पोरांना पुढचं सांगावं लागत नाही.

मग पारिहाका, जमीन हिरावण्याला शांतपणे विरोध करणारं माओरी गाव. 5 नोव्हेंबर 1881, सरकारची सुमारे 1600 सशस्त्र माणसं गावावर चालून आली. वेशीवर गाणारी मुलं, पाहुण्यांसाठी भाजलेले पाव. कुणी हात उगारला नाही, तरी ‘ते व्हिटी’ आणि तोहू या गावच्या पुढाऱ्यांना धरून नेलं, खटला न चालवता डांबलं. हा प्रसंग सावकाश वाचा.

साहित्य म्हणाल तर न्यूझीलंड सरकारचा ‘ते आरा’ ज्ञानकोश इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी सोपं, फोटो भरपूर. तुम्ही वाचत मराठीत सांगा. 1975 च्या माओरींच्या जमीन मोर्चाला निघालेल्या 79 वर्षांच्या व्हिना कूपर यांचा नातीचा हात धरलेला फोटो जरूर दाखवा. करार मोडल्याच्या तक्रारी ऐकायला त्याच वर्षी नेमलेल्या वायटांगी न्यायाधिकरणाचे अहवालही मिळतात, पण ते जाडजूड. तुमच्यापुरते ठेवा.

वर्णभेद मात्र न्यूझीलंडवर ढकलून मोकळं होऊ नका. सोलापुरात सेटलमेंट आहेच की! 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथं तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेत. 1952 ला कायदा गेला, शेरेबाजी गेली का, हे पोरांनाच विचारा. फक्त वर्गात तिथलं कुणी असेल तर त्याला उभं करून ‘तू सांग’ म्हणू नका. त्याला वाटलं तर तो बोलेल.

आणि एका शनिवारात हे उरकणार नाही. दोन धरा.