यंदा हॅलोविनला त्याला घरीच ठेवू का?

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरची संध्याकाळ, पोरं वेष करून घरोघरी खाऊ मागत फिरतात. ऑक्टोबर लागला की मुलाला खाण्याची ॲलर्जी असलेल्या न्यू जर्सीतल्या मराठी आया हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. तीन वर्षांपूर्वी कुणाकडे तरी चिक्कीचा तुकडा तोंडात गेला, ओठ सुजले, श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. तेव्हापासून घरातून दाण्याचं कूट हद्दपार. सांगलीहून आलेल्या आजींना हे पटत नव्हतं. "रोज चिमूटभर द्या, सवय होईल." मी त्यांना हात जोडून सांगितलं, आजी, असा प्रयोग घरी कधीच करायचा नाही. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचे उपचार आहेत, पण ते ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आदल्या वर्षी आईने 31 ऑक्टोबरला दिवे मालवून त्याला आतल्या खोलीत सिनेमा लावून दिला होता. मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा तो म्हणाला, "बेल वाजली की आम्ही बोलायचं नाही. माझ्यामुळे सगळे लपतात."

आई हे ऐकून रडली. तिची भीती खोटी नव्हती आणि ती घालवायचा मी प्रयत्नही केला नाही. पण सगळी राखण आईनेच करायची, मुलाने नुसतं राखलं जायचं, यात त्याला स्वतःला सांभाळणं कधी येणार? तो वाचायला शिकला होता. मग लेबल त्यालाच वाचू दे, असं मी सुचवलं. शेवटचा शब्द अर्थात आईचा.

वाचायचं कसं, हे आम्ही रिकामी पाकिटं घेऊन बसून शिकलो. अमेरिकेत पाकिटात शेंगदाणा घटक म्हणून असेल तर तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. पण 'अंश असू शकतो' ही सूचना कंपन्यांच्या मर्जीवर असते, त्यामुळे ती नाही म्हणजे धोका नाही असं धरता येत नाही. शंका आली तर कंपनीला विचारायचं किंवा सोडून द्यायचं. दुसरं म्हणजे हॅलोविनची चिमुकली पाकिटं. त्याच चॉकलेटच्या मोठ्या वडीपेक्षा त्यातले घटक वेगळे असू शकतात, आणि पुष्कळदा त्यांच्यावर काही छापलेलंच नसतं. ज्यावर काही लिहिलेलं नाही, ते खायचं नाही. वाटेत तर काहीच तोंडात टाकायचं नाही, म्हणून पोटभर जेवून निघायचं.

इंजेक्शनबद्दल आईच्या मनात घोळ होता: आधी ॲलर्जीचं सिरप देऊन बघू, मग इंजेक्शन. त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी आराखड्यात नेमकं उलट होतं. श्वास लागला, घसा आवळला की आधी मांडीत एपिनेफ्रिनचं, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरच्या औषधाचं इंजेक्शन, लगेच 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन, आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटल. सिरपने ही प्रतिक्रिया थांबत नाही. दोन्ही इंजेक्शनं गाडीत न ठेवता सोबत चालणाऱ्या बाबांच्या खिशात, असं ठरलं.

शेजारच्या दोन घरी त्यांनी मुलाला चालतील अशा गोड गोळ्या आधीच नेऊन दिल्या, त्याला द्यायला. स्वतःच्या दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवला. इथे 2014 पासून देशभर ही खूण रुजली आहे: या घरी खाऊशिवाय दुसरं काही मिळेल, पेन्सिली, स्टिकर, चेंडू. भोपळा मुलाने रंगवला, आजींनी त्याला कुंकू लावलं.

हॅलोविनला फिरून आल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर खाऊची पिशवी रिकामी केली. पहिलंच पाकीट पीनट बटरचं निघालं आणि आईने ते त्याच्या हातातून हिसकावलं. मुलगा ओरडला, "मी वाचतच होतो!" आणि टेबलाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, सगळं फसलं म्हणून. मी म्हटलं, फसलं नाही, फक्त त्याची माफी माग. पोरांची माफी मागायला आपल्याकडे जड जातं, पण तिने मागितली. मग दोघांनी उरलेली पिशवी वेचली. तो वाचायचा, ती मान डोलवायची. नको असलेल्याच्या बदल्यात त्याला ठरल्याप्रमाणे लेगोचा डबा मिळाला.

दिवाळीत दुकानातून मिठाई आली. उघड्या ट्रेमधून भरलेली, नुसता दुकानाचा शिक्का. आजींनी दोरी सोडायच्या आधी खोकं त्याच्यापुढे धरलं. "बघ रे, काय लिहिलंय?"

त्याने चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. "काहीच नाही, आजी." आजींनी खोकं उचलून वरच्या फडताळात ठेवलं आणि त्याच्यासाठी रवा भाजायला घेतला.