पंथ सोडल्यावर आधी कागद, मग झोप, देव नंतर

प्रश्न असा आहे: "माझा जन्मच एका पंथातल्या घरात झाला. वय 24. काय शिकायचं, कोणाशी बोलायचं, लग्न कोणाशी करायचं, सगळं गुरुजी ठरवतात. मला बाहेर पडायचंय. आई-वडील आतच राहतील, बाहेर माझं कोणी नाही. यातून कोणी गेलंय का? आयुष्य पुन्हा उभं राहतं का?"

मी गेले आहे, आणि हो, उभं राहतं.

मी कॉलेजात असताना आमच्या घरानं एका महाराजांचा अनुग्रह घेतला. पुढे शिक्षण सोडून मी त्यांच्या आश्रमात पूर्णवेळ सेवेला गेले. नाव लिहीत नाही, माझी आई अजून तिथे आहे. ऐन तारुण्याची वर्षं तिथे गेली. माझ्याकडे कोठीघर होतं. धान्य, तूप, गूळ, उत्सवाच्या पंगती, सगळा हिशोब माझ्या हाताखाली. पण स्वतःसाठी एक चप्पल घ्यायची तरी वर विचारावं लागे. फोन ऑफिसात जमा. घरी जायचं तर परवानगी. मनात शंका आली तर तो अहंकार, आणि तो सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचा.

माझं मत आधीच सांगते. अशा ठिकाणाहून निघालेलं माणूस पहिल्याच आठवड्यात मोठे प्रश्न घेऊन बसतं. देव आहे का? गुरू खरे होते का? माझी साधना वाया गेली का? हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांना वर्षभर थांबू द्या. तिथे श्रद्धेला कोणी हात लावत नाही, ती वाढतेच. जातो तो स्वतः ठरवण्याचा सराव. तो अंगात परत आल्याशिवाय देवाबद्दल जे काही ठरवाल ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून ठरवाल.

म्हणून आधी कागद. तुम्ही अजून आत आहात, हे एका अर्थी सोयीचं आहे. आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला असेल तर तो, पासबुक. मूळ प्रती हाताशी नसतील तर फोटो काढून आपल्या ईमेलवर ठेवा, आणि तो ईमेल घरातल्या फोनवर उघडा राहणार नाही हे बघा. दाखला हरवला तर शाळा प्रतिज्ञापत्रावर दुसरी प्रत देते, फक्त चकरा माराव्या लागतात. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते: तुमच्या आधारला आणि बँक खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते तपासा. माझ्या दोन्हींना आश्रमाच्या ऑफिसचा नंबर होता. बाहेर आल्यावर प्रत्येक ओटीपी तिकडे जायचा, म्हणजे मी कुठे काय करते ते त्यांना कळायचं आणि मला मात्र माझे पैसे काढता येत नव्हते. आधारचा नंबर स्वतः केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन बदलता येतो. ते काम पहिलं करा, त्याच्यामागून बँकेचं. खातं घरच्यांबरोबर जोडीचं असेल तर वेगळ्या बँकेत आपलं एकटीचं उघडा.

घरातून निघण्याआधी भांडण, खुलासा, लांब पत्र, यातलं काही करू नका. सगळे मिळून समजूत घालायला बसले की रात्र-रात्र बसतात आणि दमलेलं माणूस शेवटी मान हलवतं. निघून सुरक्षित जागी पोचा, मग कळवा. तुम्ही सज्ञान आहात, कुठे राहायचं हा तुमचा हक्क आहे. बहुतेक वेळा घरचे हरवल्याची तक्रार देतात. म्हणून पोचलात त्या दिवशीच जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या की मी सज्ञान आहे, स्वखुशीनं घर सोडलंय, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्या शिक्क्याच्या कागदानं माझी पुढची बरीच ओढाताण वाचवली. मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवसांचा निवारा, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच जागी मिळते.

बाहेर माझं कोणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मलाही तसंच वाटायचं, कारण आमच्या नातेवाइकांना आम्हीच तोडलं होतं. 'संसारी लोकांची संगत' म्हणून मी मिरजेच्या मावशीच्या मुलीच्या लग्नालाही गेले नव्हते. शेवटी त्या मावशीलाच फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "एसटी किती वाजता पोचते?" तुटलेली माणसं आठवून बघा. शाळेतली मैत्रीण, संप्रदायात न आलेला काका, एखाद्या बाई. सगळे दार उघडणार नाहीत. एक उघडलं तरी निघता येतं.

झोपेबद्दल लिहायलाच हवं. आमच्याकडे काकड्याला उठायचं, रात्री सेवा संपेपर्यंत जागायचं. वर्षानुवर्षं झोप अपुरी असली की डोकं प्रश्न विचारत नाही, सांगितलेलं करत राहतं. मावशीकडे पहिले काही महिने मी पहाटे दचकून उठायची आणि आरती चुकली म्हणून छातीत धडधडायचं. दिवसा आडवी झाले तरी अपराधी वाटायचं. मावशी संध्याकाळी विचारायची, "उद्या भाजी कोणती करू?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तिनं विचारणं थांबवलं नाही, हे तिचे उपकार. पुष्कळ दिवसांनी एकदा मी "दोडका" म्हणाले. आता ते कोणाला क्षुल्लक वाटेल, पण माझी निर्णय घ्यायची सवय तिथूनच परत आली: भाजी, मग कपडे, मग पगार कुठे ठेवायचा, मग कोणाशी मैत्री करायची. तुम्हीही रोज एखादी गोष्ट कोणाला न विचारता ठरवत जा. चुकली तर चुकू द्या.

भीती सगळ्यात चिवट असते. गुरुद्रोह केला की वंश बुडतो, अपघात होतो, असाध्य रोग होतो, असं आम्हाला ऐकवलेलं असतं, वर उदाहरणं देऊन. मी बाहेर पडल्यावर त्याच पावसाळ्यात मावसभाऊ गाडीवरून घसरला आणि त्याचा हात मोडला. हे माझ्यामुळे झालं असं वाटून मी रात्रभर रडले. डोक्याला कळत होतं की त्या वळणावर दरवर्षी गाड्या घसरतात, पण शरीराला ते पटत नव्हतं. ही भीती वाद घालून जात नाही. ती येते, काही होत नाही, पुन्हा येते, पुन्हा काही होत नाही, आणि असं होत होत पातळ होते. झोप उडाली, जेवण सुटलं, जीव नकोसा झाला तर मात्र एकटीनं सहन करू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मला डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या आणि त्यांचा उपयोग झाला. समुपदेशक निवडताना एवढं पाहा की तो तुम्हाला कुठल्या नव्या साधनेला लावत नाही ना.

कामाचं म्हणाल तर तिथली वर्षं फुकट गेली असं धरून चालू नका. मला शंभर पानांना किती डाळ लागते, गहू पावसाळ्यात कसा टिकवायचा, उधारी कशी लिहायची हे येत होतं. मिरज दवाखान्यांचं गाव आहे. तिथल्या एका कँटीनमध्ये मला स्टोअर सांभाळायचं काम मिळालं. मुलाखतीत मी खरं तेच सांगितलं, की एका धार्मिक संस्थेचं स्वयंपाकघर आणि कोठार बघत होते. पुढचं कोणी विचारलं नाही. शिक्षण अर्धवट असेल तर दहावी-बारावीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी करत शिकणाऱ्या कितीतरी बायका तिथे भेटतात, आणि त्या भेटण्याचाही आधार असतो.

कायद्याचं थोडं, कारण फार थोड्यांना माहीत असतं. गुरूच्या दबावाखाली घर किंवा जमीन बक्षीसपत्र करून दिली असेल तर ते काळ्या दगडावरची रेघ नसतं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 16 मध्ये अनुचित प्रभावाची तरतूद आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 1890 साली एका वृद्धानं परलोकीच्या पुण्यासाठी आपल्या गुरूला दिलेली सगळी मालमत्ता याच तत्त्वावर परत देवविली होती. असं बक्षीसपत्र रद्द करायला दावा लावण्याची मुदत मात्र साधारण तीन वर्षांची असते, आणि ती कधीपासून मोजायची हे वकीलच सांगेल. उशीर करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

घराला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे: सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा, जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्याआधी तेव्हाच्या मुंबई प्रांतानं 1949 साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली तो घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाचा फेरविचार करायचा की नाही हा प्रश्न 2023 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला. म्हणजे धर्मसंस्थेनं माणसाला बाहेर काढायचं की नाही, यावर आपला देश अजून भांडतोच आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी बरंच काम केलंय, तुमच्या गावाजवळ शाखा असेल तर त्यांना विचारता येईल. त्यासाठी नास्तिक असावं लागत नाही.

वाळीत टाकणं म्हटलं की मला विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई आठवतात. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, बायको घरी आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत पाठवलं, आणि ते घरी आले म्हणून आळंदीनं त्या घराला वाळीत टाकलं. पुढे मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. कीर्तनात ही गोष्ट ज्ञानेश्वरांच्या थोरवीकडे लवकर वळते. मी मात्र त्या घरापाशीच थांबते. चार लहान मुलं घेऊन ती बाई गावात कशी वावरली असेल? पाणवठ्यावर तिच्याशी कोण बोललं असेल? ज्यांना आपण आज माउली म्हणतो त्यांचं घर दीक्षेतून परत आलेल्या माणसाचं होतं. हे मनात आलं तेव्हा माझी लाज पुष्कळ कमी झाली.

आता आई-वडील. बाकीचं सगळं एका पारड्यात आणि हे दुसऱ्या. आई पहिलं वर्षभर फोन करायची ते फक्त मला परत न्यायला. तिच्यामागे कोणीतरी बसून सांगत असायचं, तिच्या आवाजावरून कळायचं. मी तिच्याशी महाराजांबद्दल वाद घातला की फोन कापला जायचा आणि पुढे कितीतरी दिवस बंद. मग मी ठरवलं की महाराजांचा विषय काढायचा नाही, तिनं काढला तर गप्प राहायचं, आणि रविवारी फोन करायचाच. गुडघा कसा आहे, भाताची रोपं लावली का, डोळ्याचा नंबर वाढला का. त्यांचा पंथ चूक आहे हे तुम्ही आई-वडिलांना पटवून देऊ शकणार नाही, निदान लवकर नाही. एक करता येतं. त्यांना कधी काळी शंका आली, आजारपण आलं, पैशाची अडचण आली, तर बाहेर आपली मुलगी आहे आणि ती रागावलेली नाही एवढं त्यांना माहीत राहील असं वागायचं. माझी आई अजून आली नाही. फोन मात्र आता ती स्वतः करते, आणि कधी कधी मागे कोणी नसताना करते.

एक सावधगिरी. बाहेर आल्यावर आत एवढी मोठी जागा रिकामी होते की ती भरायला लोक टपलेलेच असतात. दुसरे गुरू, पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना, लगेच लग्न लावायला निघालेले नातेवाईक, आणि तितकेच ठाम असे विरोधकही, जे म्हणतील की आता देव्हारा फेकून दे. कोणाचंच लगेच ऐकू नका. लग्न तर पहिली दोन-तीन वर्षं टाळाच, जमलं तर. आधी स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या कुलुपाच्या खोलीत राहून बघा.

देवाचं मी काय केलं ते विचाराल. काही वर्षं काहीच केलं नाही, हात जोडले की अंगावर काटा यायचा. नंतर मावशीबरोबर एका कार्तिकीला पंढरपूरला गेले. तिथे माझं नाव कोणी लिहून घेतलं नाही, उद्या का आली नाहीस असं कोणी विचारणार नव्हतं. रांगेतून परत फिरावंसं वाटलं तेव्हा मी फिरले, आणि मावशी दर्शन घेऊन येईपर्यंत चहा पीत वाळवंटात बसले. पुढच्या वेळी आत गेले. तुमचं वेगळं होईल, कदाचित तुम्हाला देव नकोच वाटेल. दोन्ही चालतं.

निघायच्या आधी काही अडलं तर इथे संदेश पाठवा. तुमचं आणि पंथाचं नाव नका लिहू, नुसतं काय अडलंय तेवढं लिहा, मी उत्तर देईन.