शेजारची बिल्डिंग बंद, मालक सापडेना

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. शेजारची तीन मजली बिल्डिंग सात-आठ वर्षं बंद आहे, गॅलरीतून पिंपळ वर आलाय, जिन्याखाली पाणी साचतं, परवा तर सज्जाचा तुकडा माझ्या मुलाच्या सायकलवर पडला. एका ऑफिसात म्हणतात टॅक्स थकलाय, दुसरीकडे म्हणतात मालक शोधून आणा, तिसरीकडे यादीत नावच सापडत नाही. परदेशात म्हणे अशा घरांची माहिती एकत्र ठेवतात, खरं का? आणि आम्ही काय करायचं?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, आधी मुलांना त्या भिंतीकडून जाऊ देऊ नका, बाकी सगळं नंतर. नौपाड्यातच २०१५ च्या ऑगस्टमध्ये रात्री बिल्डिंग कोसळून झोपेतली माणसं गेली होती, ते मी विसरू शकत नाही.

हो, खरं आहे. अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि त्याच हिवाळ्यात तिथल्याच लोकांना टॅब्लेट देऊन गल्लोगल्ली पाठवलं, सुमारे ३ लाख ८० हजार प्लॉट बघितले, प्रत्येकाचा फोटो, घर जळालंय का, कोणी राहतंय का एवढं भरायचं, आणि ते सरकारी रेकॉर्डला जोडायचं. तिथल्याच न्यू ऑर्लीन्स शहरात २०१२ मध्ये वेबसाइटवर अशा घराचा पत्ता टाकला की तपासणी कधी झाली, सुनावणी कुठवर आली हे कोणालाही दिसायला लागलं. मला हे जास्त पटतं, कारण फाइल कुठे अडकलीय ते शेजाऱ्यालाही कळतं.

आपल्याकडे माहिती आहे हो, पण जोडलेली नाही. टॅक्सच्या बिलावर एक नंबर, प्रॉपर्टी कार्डावर टिका (म्हणजे सर्व्हेच्या नकाशातला भाग) आणि सिटी सर्व्हे नंबर, धोकादायक इमारतींच्या यादीत बिल्डिंगचं नाव. म्हणून हे जोडायचं काम तुम्ही करा. प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर मालकाचं नाव मिळेल, मग सगळे नंबर, पत्ता आणि तारखेसकट फोटो एकाच कागदावर लावून प्रभाग समितीत अर्ज द्या. बिल्डिंग ३० वर्षांच्या वरची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून मजबुतीची तपासणी, मालकावर बंधनकारक आहे, ते झालं का आणि बिल्डिंग सी-१ मध्ये (अतिधोकादायक, पाडायची) आहे की सी-२ मध्ये (दुरुस्ती करायची) हे लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तपासणीचा अहवाल मागा. पोचेवर शिक्का घ्यायला मात्र विसरू नका, आणि अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या असू द्या.